वांग्यात टाकलेला पोपट

आमच्या घरात वाचायची सक्ती नाही. वाचून गप्प बसायला मात्र बंदी आहे.

हा नियम माझा. देवळीत बसस्टँडच्या अलीकडे माझं कृषी केंद्र आहे. बियाणं, खत, फवारणीचं औषध विकतो आणि गिऱ्हाईक नसलं की वाचनाचं महत्त्व सांगतो. (गिऱ्हाईक असलं तरी सांगतो. सोयाबीनची बॅग न्यायला आलेल्या एका माणसाला मी असाच बसवून ठेवला होता. तो आता पुलगावहून बॅग आणतो.) रविवारी सकाळी दुकानाच्या मागच्या खोलीत आमचं वाचन मंडळ भरतं. मंडळाचा संस्थापक मी, अध्यक्ष मी आणि समोरच्या टपरीवर चहा सांगणाराही मीच. तिथं कोणी पुस्तक वाचून आला आणि "मस्त हाय" एवढंच म्हणाला, की मी त्याला सोडत नाही.

"मस्त म्हंजे काय? तुह्या जिंदगीशी जोड नं बाप्पा! वाचता वाचता तुले काय आठवलं ते सांग!"

एकानं जोडलं. त्याला बायकोशी झालेलं जुनं भांडण आठवलं, त्यानं ते रंगवून सांगितलं, आणि संध्याकाळपर्यंत ते बायकोच्या कानावर गेलं. तेव्हापासून तो मंडळात येत नाही. पण एवढ्यातेवढ्यानं मी तत्त्व सोडणारा माणूस नाही.

माझी मुलगी प्राची पुण्यात नोकरी करते. तिथं तिला अद्वैत भेटला. पोरगा सज्जन, हसरा, आमच्या घरी आला तेव्हा दोन वेळा भाजी मागून घेतली, म्हणजे माझ्याकडून पसंत होता. अडचण एकच होती, त्याची आई. मृणालताई लेखिका. दिवाळी अंकांत त्यांच्या गोष्टी येतात. आणि अद्वैतचं म्हणणं असं, की आई मनापासून हो म्हणाली तरच लग्न.

"बाबा, त्यायच्या आईचं काही पक्कं नाई," प्राची फोनवर म्हणाली. (ती पुण्यात पुण्यासारखं बोलते, फोनवर आमच्यासारखं.) "त्या म्हणतात, ज्या घरात कोणी वाचत नाई त्या घरच्या लोकांशी जन्मभर बोलाचं काय?"

"माह्या घरात कोणी वाचत नाई?" मी दुकानात ओरडलो. समोरचं गिऱ्हाईक दचकून मागं सरकलं. "तू सांगतलं नाई काय त्यायले, तुहा बाप कोण हाय ते?"

"सांगतलं. म्हणूनच त्या येऊन राह्यल्या पाहायले. मी त्यायची एक गोष्ट पाठवून राह्यली व्हॉट्सॲपवर. आईले वाचाले सांगजा. अन् तुमी तं नक्की वाचजा, बाबा. माह्यं सारं त्याच्यावर हाय."

"मले सांगून राह्यली तू? मले?"

आता ते दिवस हरभरा आणि गव्हाच्या पेरणीचे. दुकानात पाय ठेवायला जागा नाही. मोबाइलवर गोष्ट उघडली तर अक्षरं मोहरीएवढी. बोटांनी मोठी करायला गेलो तर एकच अक्षर स्क्रीनभर आलं, बाकीची गोष्ट कुठं गेली ते कळेना. म्हटलं, उद्या निवांत वाचू. असा उद्या रोज होता. बायकोला मात्र पहिल्याच दिवशी बजावलं, की गोष्ट वाच, नुसतं छान म्हणू नको, आपल्या आयुष्याशी जोडून ठेव. तिनं त्याच दुपारी वाचून टाकली.

बघता बघता शनिवार संध्याकाळ आली. पाहुणे रविवारी सकाळी वर्ध्याला उतरणार होते आणि माझी गोष्ट होती तिथंच होती. मी प्राचीला फोन लावला. ती अद्वैत आणि त्याच्या आईवडिलांसोबत गाडीत बसली होती.

"ते गोष्ट जरा थोडक्यात सांग. मले उजळणी कराची हाय."

"आत्ता?" ती दारापाशी जाऊन कुजबुजत बोलायला लागली. गाडीचा खडखडाट, मधेच आवाज तुटत होता. "अहो, त्यायच्या बाबांच्या अंगणातला पोपट नाई का... हिरवागार... लय जीव लावला होता... एका साली थंडी अशी पडली का बस... सकाळी पाह्यलं तं गेलता तो... बाबा मग जेवलेच नाई... हॅलो? बाबा, आवाज येते काय?"

आवाज गेला. पण मला हवं ते मिळालं होतं.

आता इथं बाहेरगावच्या वाचकांसाठी खुलासा करतो. आमच्याकडे पोपट म्हणजे वालाची शेंग. पक्ष्यालाही पोपटच म्हणतात, पण शेंगेलाच जास्त म्हणतात, कारण तिची भाजी होते. हिवाळ्यात वांगे-पोपट केले नाहीत असं घर तालुक्यात सापडायचं नाही. त्यात मी बियाणं विकणारा. 'पोपट' म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढं पंख येत नाहीत, पाकीट येतं.

आणि गंमत अशी, की गोष्ट खरोखर माझीच होती! आमच्या अंगणात तारेच्या कुंपणावर माझा पोपटाचा वेल होता. सकाळी उठलो की आधी त्याच्याकडे. शेंगा लगडलेल्या असायच्या. आदल्या हिवाळ्यात धुई, म्हणजे दाट गार धुकं, आली आणि सगळा वेल काळा पडून गेला. खोटं कशाला सांगू, मला तेव्हा रडू आलं होतं. मंडळात एवढी वर्षं लोकांना "जोडा, जोडा" म्हणून ओरडलो, पण एखादी गोष्ट आपोआप येऊन माझ्या आयुष्याला अशी चिकटली नव्हती.

स्वयंपाकघरात नंदा, म्हणजे माझी बायको, उद्याच्या भाजीसाठी शेजारून आणलेल्या शेंगा सोलत बसली होती.

"गोष्ट वाचून काय वाटलं तुले?" मी परीक्षा घेतली.

"जीव कसनुसा झाला," ती म्हणाली. "तो थंडीनं मेला तवा तं मले पुढचं वाचवेना."

"थंडी म्हटली का तो टिकतच नाई. कवळा असला तं मुळीच नाई."

"तुमी वाचली?" तिनं मान वर करून विचारलं.

"वाचली म्हंजे? पाठ हाय."

ती परत शेंगा सोलायला लागली. मग म्हणाली, "मी म्हणतो, उद्या ही भाजी नको कराले. बाईच्या गोष्टीत तो मेला, अन् आपण त्याच्याच नावाची भाजी वाढाची. बरं नाई दिसत."

"उलट खुश होईन बाई! आठवण म्हणून कर. मुद्दाम कर!"

"बरं, करतो. पण त्यायच्यापुढं तुमी नाव घेऊ नका. वालाची भाजी म्हणा."

इथं माझं डोकं फिरलं. पुण्याचे लोक आले म्हणून आपण आपला शब्द बदलायचा? आपल्या बोलीची एवढी लाज? मी तिथंच ठरवलं की उद्या शब्द वापरायचा तर पोपटच वापरायचा, आणि चांगला मोठ्यानं वापरायचा.

रविवारी पाहुणे आले. अद्वैतचे वडील शरदराव गोरे, गोल, प्रत्येक गोष्टीला मान डोलावणारे. मृणालताई सडपातळ, खादीची साडी, डोळे असे की माणूस आपोआप शर्टाचं वरचं बटण लावतो. पाणी झालं, चहा-चिवडा आला. प्राची आईला मदत करायला आत-बाहेर करत होती. मृणालताईंनी माझं पुस्तकांचं कपाट पाहिलं. (वरच्या दोन फळ्या पुस्तकांच्या, खालच्या दोन कीटकनाशकांच्या माहितीपत्रकांच्या. मी खालच्या फळ्यांपुढं खुर्ची टाकून बसलो होतो.) मग त्या म्हणाल्या, "प्राची सांगत होती, तुम्ही माझी गोष्ट वाचलीत."

"वाचली?" मी कप खाली ठेवला. "ताई, मी ते जगलो!"

त्यांचा चेहरा एकदम बदलला. प्राची दारात उभी होती, तिनं डोळे मिटून श्वास सोडला.

"म्हणजे तुमच्याकडेही होता पोपट?"

"होता म्हंजे! इथंच, या अंगणात. सकाळी उठलो का पहिले त्याच्यापाशी जाऊन उभा राहो."

"पिंजऱ्यात?"

पिंजरा कशाला, हा प्रश्न मला पडला. मग वाटलं, पुण्याकडे जागा कमी, तिकडे जाळीबिळी लावत असतील. "नाई बा! एकदम मोकळा. जिकडं जाईन तिकडं जाऊ दे म्हणो. शेजारच्या भिंतीवर तं रोज जाये."

"पिंजरा नाही!" मृणालताई नवऱ्याकडे वळल्या. "ऐकलंत? बाबांनाही तेच वाटायचं शेवटी शेवटी."

"अगदी, अगदी," शरदराव म्हणाले आणि चिवडा घेतला.

"बोलायचा तुमच्याशी?" त्यांनी हळूच विचारलं.

लेखिका आहेत, अशाच बोलणार, हे मी समजून घेतलं. मीही त्याच पट्टीत उत्तर दिलं. "ताई, बोलाले तोंडच लागते काय? नुसता वाऱ्यानं हलला तरी मले समजे."

मृणालताईंच्या डोळ्यांत पाणी आलं. मलाही आलं. अद्वैत प्राचीकडे पाहून हसला. लग्न जमल्यातच जमा होतं. मी तिथं थांबायला पाहिजे होतं! पण अध्यक्षाला कधी थांबता आलंय?

"अन् मग?" त्या म्हणाल्या.

"मग गेल्या हिवाळ्यात धुई पडली. पाहता पाहता मान टाकली त्यानं. पोटचं पोर गेल्यासारखं वाटलं, ताई."

"काय केलंत मग त्याचं?"

"करता काय? हाताशी लागला तेवढा तोडून घेतला. सोलला. अन् वांग्यात टाकला."

मृणालताई खुर्चीत पुढं सरकल्या.

"काय केलंत?"

"वांग्यात टाकला. पण खरं सांगू, चव नाई लागली. थंडीनं मेलेला पोपट वातड होते. कवळा असला तं तोंडात टाकला का विरघळते!"

अद्वैतच्या घशात चिवड्यातला शेंगदाणा अडकला. तो खोकायला लागला. प्राची "बाबा!" म्हणून किंचाळली. मला वाटलं, पोरगी पुण्यात राहून भाजीला लाजते आहे. मी आणखी जोरात बोललो.

"लाजाचं काय त्याच्यात? शेजारीण तं आमचा पोपट भिंतीवर आला का तिकडल्या तिकडंच तोडून खाये! अन् ताई, तुमच्यासाठी आजही मुद्दाम पोपटच केला हाय. तुमच्या बाबांची आठवण म्हणून!"

मृणालताई उठून उभ्या राहिल्या. चेहरा पांढरा पडला होता. आणि या सगळ्यात शरदराव, ज्यांनी आतापर्यंत फक्त मान डोलावली होती, ते माझ्या मदतीला धावून आले.

"मृणाल, अगं बस ना. ते गोष्टीशी किती एकरूप झालेत बघ. शेवटी वांग्यात टाकतात तो प्रसंग वाचताना मलाही अगदी भरून आलं होतं."

मृणालताईंची मान नवऱ्याकडे वळली. अगदी सावकाश वळली.

"अद्वैत, गाडी बोलाव," त्या म्हणाल्या.

प्राची रडायला लागली. काहीतरी भयंकर झालं होतं एवढं मला दिसत होतं, पण काय झालं ते मात्र कळत नव्हतं. तेवढ्यात नंदा आतून धावत आली. एका हातात झारा, दुसऱ्या हातात मूठभर शेंगा.

"ताई, बसा, बसा! हे पाहा, पोपट म्हंजे हे! वालाच्या शेंगा! आमच्या इकडं याले पोपट म्हणतात. पाखरू नाई हो! पाखराले कोण हात लावते आमच्यात!"

तिनं शेंगा मृणालताईंच्या ओंजळीत ओतल्या. त्यांनी त्या उलटसुलट करून पाहिल्या. एक शेंग सोलून आतला दाणाही पाहिला. (लेखिका खात्री करून घेतात.) मग त्या खुर्चीत बसल्या. मी हसायला लागलो. माझ्यासोबत कोणीच हसलं नाही.

"म्हणजे," मृणालताई म्हणाल्या, "माझी गोष्ट पक्ष्याची आहे हे तुम्हाला माहीतच नव्हतं."

मी नंदाकडे पाहिलं. नंदानं झाऱ्याकडे पाहिलं.

"म्हणजे तुम्ही ती वाचलीच नाही."

आमच्या मंडळात एवढा सरळ प्रश्न आजवर कोणी विचारला नव्हता. मी म्हणालो, "अक्षरं जरा बारीक होती." माझ्या पोरीनं माझ्याकडे असं पाहिलं की तिथल्या तिथं फरशी फाटून मला आत घेईल तर बरं असं झालं. तिचं लग्न मी माझ्या हातानं तोडून, सोलून, वांग्यात टाकलं होतं.

"आणि तुम्ही?" आता तोफ शरदरावांकडे फिरली. "वांगं कितव्या पानावर आहे हो?"

शरदरावांनी चिवड्याची बशी खाली ठेवली. "शेवटी शेवटी असेल," ते म्हणाले.

"इतकी वर्षं प्रत्येक गोष्ट वाचून 'भरून आलं' म्हणताय. एक तरी वाचलीत का?"

शरदराव माझ्याकडे पाहायला लागले. मी त्यांच्याकडे पाहिलं. कुठं वर्धा, कुठं पुणं, पण त्या क्षणी आम्ही सख्खे भाऊ होतो.

तेव्हा नंदा बोलली. ती खाली सतरंजीवर बसली, मृणालताईंच्या हातून सांडलेल्या शेंगा पदरात गोळा करता करता बोलली, कोणाकडे न पाहता.

"ताई, मी वाचली तुमची गोष्ट. तुमच्या बाबांनी तो रिकामा पिंजरा घासून घासून धुतला अन् उन्हात पालथा घालून ठेवला, ते मी दोन खेपा वाचलं. माही माय गेली तवा मी तिचे डबे असेच धुतले होते. मिठाचा, तिखटाचा, साखरेचा. धुतले अन् पालथे घातले. काऊन धुतले, ते माहीत नाई. कोणी वापरणार नव्हतं. तिच्या हातचा वास होता त्याच्यात, तोही मीच धुऊन टाकला. मंग मागून मले लय पस्तावा झाला. हे कोणाले सांगतलं नाई मी आजपर्यंत. तुमची गोष्ट वाचली अन् आठवलं."

मी हे पहिल्यांदाच ऐकत होतो. सासूबाई गेल्या तेव्हा मी तिथंच होतो. अल्लीपूरच्या त्या घरात ओसरीवर बसून आलेल्या लोकांना चहा देत होतो. आत माझी बायको डबे धुते आहे हे मला दिसलं होतं. मी तिला म्हटलंही होतं, की आत्ता कशाला भांडी घासत बसली.

मृणालताई खुर्चीवरून उतरून सतरंजीवर नंदाच्या शेजारी बसल्या. त्यांनी तिचा हात धरला. मग मृणालताईंनी पदरानं डोळे पुसले आणि नंदाच्या पदरातली एक शेंग उचलली.

"करायची कशी ही भाजी?" त्या म्हणाल्या. "मला शिकवा. आपण आता विहिणी आहोत ना."

प्राची आईच्या गळ्यातच पडली. अद्वैतनं चिवडा परत हातात घेतला. मी आनंदानं काहीतरी बोलायला तोंड उघडलं, तर चारही दिशांनी एकच आवाज आला, "तुम्ही बोलू नका!"

जेवायला त्या दिवशी वांगे-पोपट, भाकरी, ठेचा होता. मृणालताईंनी "थोडा पोपट वाढा हो" म्हणून दोनदा मागून घेतला आणि प्रत्येक वेळी माझ्याकडे पाहिलं. शरदराव आणि मी शेजारी शेजारी बसून मुकाट्यानं जेवलो. त्यांनी फक्त एकदा हळूच विचारलं, "तुमच्या मंडळात पुण्याचे सभासद चालतात का?" लग्न एप्रिलात झालं. उन्हानं अर्धं वऱ्हाड आडवं पडलं, पण तो दोष माझा नाही.

या दिवाळीला मृणालताईंची नवी गोष्ट आली. या वेळी मी काहीही शिल्लक ठेवलं नाही. अंक विकत आणला, चष्म्याचा नंबर नवा करून घेतला, दुकान दुपारी बंद ठेवलं आणि शीर्षकापासून शेवटच्या टिंबापर्यंत गोष्ट वाचून काढली. वाचताना शाईनं खुणा केल्या. घरात सगळ्यांनी ती आधीच वाचली होती. मी वाचत असताना नंदा सारखी येऊन माझं तोंड पाहून जात होती आणि आत जाऊन पदर तोंडात कोंबत होती. मी लक्ष दिलं नाही. वाचन संपल्याबरोबर पुण्याला फोन लावला.

"ताई, गोष्ट वाचली! एकूण एक अक्षर! भाषा झकास, तो बाजाराचा प्रसंग तं लाजवाब. फक्त एक सांगू काय? राग नका मानू."

"सांगा ना," त्या म्हणाल्या.

"तो पोरीचा बाप हाय नं गोष्टीतला, तो काही पटला नाई. सवता एक ओळ वाचत नाई अन् साऱ्या गावाले वाचाले लावते, न वाचलेल्या गोष्टीवर रडते, वरून लेक्चर देते. लय ताणलं तुमी. असा भैताड माणूस जगात असते काय? मी माह्या आयुष्याशी जोडून पाह्यलं, कुठंच जुळत नाई. अन् समजा असला, तरी अशा माणसाच्या घरी सोयरीक कोण करन?"



"केली की मी," मृणालताई म्हणाल्या.